पावणेतीन इंचाचं भोक

आईवडिलांचं घर विकायला काढलं, तेव्हाच्या इसार पावतीत एजंटनं टाकलेली एक ओळ होती : ‘लिहून घेणार यांना सदर मिळकतीची तांत्रिक तपासणी करणेची मुभा राहील.’ ती मी वाचली होती. दोनदा वाचली होती, कारण सव्वीस वर्षं एका संस्थेच्या ऑफिसात मी कागदच वाचत आलेय. तपासणी म्हणजे कुणीतरी येणार, भिंतीवर टकटक करणार, भेगांचे फोटो काढणार, चहा घेऊन जाणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं आलं. तपासणीत भोक पाडणं येतं का, आलं तर ते बुजवायचं कुणी, आणि पाडताना भलतंच काही तुटलं तर भरून द्यायचं कुणी, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. पाचशेच्या स्टँपवर तेवढी एक ओळ जास्त लिहिली असती तर पुढचे सहा महिने वाचले असते.

घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत. आप्पांनी 1986 साली बांधलेलं. आप्पा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडी नमुना करतात, तो करणारा माणूस. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा धरावा लागतो. अशा हिशेबात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं स्वतःचं घर मापाशिवाय कसं बांधावं? स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी गवंड्यांना थांबवून आप्पांनी प्रत्येक खोलीच्या छतातले लाइटीचे पाइप टेपनं मोजले आणि एका लांबट वहीत उतरवून घेतले. पूर्व भिंतीपासून इतके फूट, दक्षिण भिंतीपासून इतके. ती वही आईच्या लोखंडी कपाटात, तिच्या औषधांच्या कागदांखाली होती. आहे हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते मला महागात पडता पडता राहिलं.

आई गेल्यावर घर बंद पडलं. मी राजारामपुरीत, भाऊ चिंचवडला. वारसांची नावं प्रॉपर्टी कार्डावर चढवून झाली आणि 2025च्या एप्रिलमध्ये गिऱ्हाईक आलं. कागलकडचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या बाई. माणसं सरळ. पण शाहूपुरी म्हटल्यावर कोल्हापुरात कुणीही पहिलं विचारतं तेच त्यांनी विचारलं, ‘पाणी येतंय का?’ लपवण्यात अर्थ नव्हता. 2019 ला आलं, 2021 ला आलं, दोन्ही वेळा तळमजल्यावर गुडघाभर होतं, हे मी सांगितलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमच्या गल्लीचं काय झालं असेल हे सांगायची गरज नव्हती. सर म्हणाले, आमची हरकत नाही, पण पोरगा बंगळुरात असतो, त्याचं म्हणणं एकदा इंजिनिअरकडनं घर तपासून घ्यावं. मी म्हटलं, जरूर घ्या.

एजंटचा फोन आला, ‘म्याडम, हातोडी मारून बघत्यात नुसतं. अर्ध्या तासाचं काम हाय.’

गुरुवारी, 8 मे ला, ती मंडळी आली. एक तरुण इंजिनिअर, त्याच्याबरोबर दुसऱ्याच कुणाची तरी मशीन घेऊन आलेली दोन पोरं. हातोडी खरंच होती. स्प्रिंगची, कॉलमवर दाबली की टक्क होऊन आकडा दाखवणारी. तिला रिबाउंड हॅमर म्हणतात आणि तिनं भिंतीला फार तर एक ठिपका पडतो. मग यूपीव्ही म्हणून एक चाचणी झाली. कॉलमच्या एका बाजूनं ध्वनिलहर सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते बघायचं. आत पोकळी असेल तर लहर उशिरा येते. हे सगळं मी कौतुकानं बघत होते. अकराच्या सुमारास इंजिनिअरला फोन आला, तो म्हणाला, ‘मी दुसऱ्या साइटवर जाऊन येतो, पोरं कोअर काढतील,’ आणि गेला. कोअर म्हणजे काय हे मी विचारलं नाही. लाज वाटली म्हणा, घाई होती म्हणा.

पोरं गच्चीवर गेली. मी खाली चहा टाकला. वरून घरघर सुरू झाली. मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यावर येतो तसला आवाज, पण अख्ख्या घराच्या हाडातून. दहाएक मिनिटांनी एकदम फट् झालं आणि लाइट गेली. शेजारच्या मावशी कंपाउंडवरून ओरडल्या, ‘अगं, ब्लॅकआऊट सुरू झालं काय?’ आदल्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल झालेलं, सगळ्यांच्या घरी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या. भर दुपारी कसला ब्लॅकआऊट, असं म्हणत मी बोर्डाकडं गेले तर मेन पडलेला. आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून टप, टप.

आईची खोली. पंख्याच्या हुकाजवळच्या पेटीतून राखाडी पाणी गळत होतं. गळत होतं म्हणजे आधी थेंब, मग धार, पंख्याच्या पात्यांवरून घरंगळून थेट आईच्या गादीवर. मी पातेलं आणायला धावले आणि आणेपर्यंत कपाटाच्या सागवानी दारावरूनही ओघळ उतरले होते. कोअर काढायच्या मशीनचं पातं गरम होतं, म्हणून त्याच्यावर सारखं पाणी सोडावं लागतं. पात्यानं स्लॅबमधला लाइटीचा पाइप कापला होता आणि ते सगळं पाणी, काँक्रीटच्या पिठासकट, पाइपातून वाट काढत पंख्याशी उतरत होतं. ओल्या गच्चीवर उभं राहून जिवंत वायर कापणाऱ्या त्या पोराला काही झालं नाही हे त्याचं नशीब. त्याचं वय माझ्या भाच्याएवढं. मी वर गेले तेव्हा तो मशीन बंद करून नुसता बघत उभा होता. ‘ताई, लाइट गेली काय हो?’

इंजिनिअर तासाभरानं परत आला. भोकातून निघालेला तुकडा पोरांनी कट्ट्यावर ठेवला होता. पावणेतीन इंच जाडीचा, गुळगुळीत, बॅटरीच्या मोठ्या सेलसारखा. वर कोब्याचा, म्हणजे गच्ची गळू नये म्हणून घातलेल्या विटांच्या तुकड्यांचा, विटकरी थर सुटा झालेला, खाली काळ्या खडीचं काँक्रीट, आणि पाइपापाशी तो मोडला होता. मोडलेल्या तोंडावर लोखंडी पाइपाची चंद्रकोर चकाकत होती, तिच्यात लाल आणि काळ्या वायरीची दोन टोकं. इंजिनिअरनं बाटलीतनं काहीतरी त्या मोडलेल्या तोंडावर फवारलं आणि बघता बघता काँक्रीट गुलाबी झालं. जास्वंदीच्या फुलासारखं गर्द. मी विचारलं, हे काय? फिनॉल्फ्थॅलीन, म्हणाला. काँक्रीट आतून अजून अल्कली असेल तर गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं खाल्लं असेल तर रंग येत नाही आणि मग आतली सळई गंजायला लागते. ‘तुमचं काँक्रीट चांगलं आहे म्हणायचं,’ असं तो म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वीच्या आप्पांच्या कामाला मिळालेली ही पावती ऐकताना खाली त्यांच्याच घराचं छत गळत होतं.

मग तो म्हणाला, ‘पण हा कोअर टेस्टला चालणार नाही, लोखंड आलंय यात. टाकून द्या.’

मी टाकला नाही. शहाणपणानं नव्हे, रागानं. ओढणीत गुंडाळला आणि पिशवीत घातला. सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव बरोबर गोष्ट, आणि ती चुकून झाली.

पोरांनी जाताना भोक सिमेंट-वाळूनं भरलं. मी फोटो काढले : भोकाचे, गादीचे, पंख्याचे, पडलेल्या मेनचे. इंजिनिअर म्हणाला, ‘वायरमन लावून घ्या, किरकोळ आहे, मी सांगतो सरांना.’ हे जे ‘सांगतो’ आहे, ते पुढचे दोन आठवडे चाललं. सरांना एजंट सांगणार, एजंटला इंजिनिअर सांगणार, इंजिनिअर म्हणणार मशीन माझी नाही, मशीनवाला म्हणणार मला जिथं खूण केली तिथं पाडलं. वायरमन येऊन बघून गेला. कापलेल्या पाइपातून नवी वायर ओढता येत नाही म्हणाला, भिंतीवरून फिरवून छताला केसिंग पट्टी मारावी लागेल. आईच्या खोलीच्या छताला, जिथं आप्पांनी एक वायर दिसू दिली नव्हती, तिथं प्लॅस्टिकची पट्टी.

आणि त्या वर्षी पाऊस आधी आला. वळीव आहे, जाईल, असं म्हणेपर्यंत 25 मे ला हवामान खात्यानं महाराष्ट्रात मान्सून आल्याचंच जाहीर केलं. सव्वीसला सकाळी मी घर उघडलं तर आईच्या खोलीत पंख्याखाली तळं. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना गच्चीवर नेलं. त्यांनी करणीच्या टोकानं भोकातलं भरण उकरलं, ते बिस्किटासारखं सुटून आलं. ‘वहिनी, नुसतं सिमेंट-वाळू कोंबल्याय की हो. आकसून कडंनं सुटलंय. ह्यातनं पाणी न्हाई जायचं तर कशातनं जायचं?’ वर ताडपत्री टाकून चार विटा ठेवल्या. पक्कं काम पाऊस गेल्यावरच, म्हणाले. म्हणजे दसऱ्याच्या पुढं.

आता खरी गंमत. त्याच आठवड्यात सर, बाई आणि एजंट पुन्हा घर बघायला आले. पंख्याखालचे ओलाव्याचे डाग बघून एजंट म्हणाला, ‘म्याडम, छत गळतंय हे तुमी बोलला न्हवता.’ मी भोकाचं सांगितलं. तो म्हणाला, भोक तिकडं कोपऱ्यात, गळती हितं मधोमध, सहा फुटांचं अंतर हाय, ही जुनी गळती हाय. आणि सरांच्या मुलाचा रात्री फोन : छताच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च धरून किमतीतून दीड लाख कमी करा. तुमच्याच तपासणीनं पाडलेल्या भोकातून गळतं आणि त्याचे पैसे मीच द्यायचे! भाऊ फोनवर म्हणाला, ‘आक्का, व्यवहार मोडून टाक.’ मोडणं सोपं होतं. पण इसाराचे दोन लाख परत द्यायचे, पुन्हा गिऱ्हाईक शोधायचं, आणि भोक तर आपल्याकडंच राहणार.

कसबा बावड्याच्या कोर्टात आमच्या नात्यातल्या एक वकील आहेत, त्यांच्याकडं गेले. मला वाटत होतं ग्राहक आयोगात तक्रार करावी. त्यांनी पहिल्या मिनिटालाच ते उडवलं. ‘इंजिनिअरची फी कुणी भरली? त्यांनी. मग ग्राहक ते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन सेवा घेणारा ग्राहक असतो, किंवा त्याच्या संमतीनं त्या सेवेचा लाभ घेणारा. तुझा कसला लाभ झाला?’ पोलिसांत जावं का विचारलं. म्हणाल्या, मुद्दाम किंवा नुकसान होणार हे माहीत असून केलं तरच तो फौजदारीचा मामला, हा निष्काळजीपणा आहे, दिवाणीच. मग मी विचारलं, इसार झालाय, तर घराच्या नुकसानीची जबाबदारी थोडीतरी घेणाऱ्यांवर येते की नाही? त्या हसल्या. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882च्या कायद्यात कलम 54 आहे, नुसत्या विक्रीच्या करारानं घरावर घेणाऱ्याचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. आणि कलम 55 प्रमाणं ताबा देईपर्यंत शहाण्या मालकासारखी घराची काळजी घेणं विकणाऱ्याचं काम. ‘थोडक्यात, खरेदीपत्र होईपर्यंत घर तुझं. भोक पण तुझं.’

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. ‘पाइप कुठून गेलेत हे तुला माहीत होतं का?’

मी वहीचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. ‘ही वही त्यांच्या हाती लागली तर ते म्हणतील, बाईंना माहीत होतं आणि सांगितलं नाही. वही आहे हे कुणाला बोलू नको.’ मी घरी आले आणि वही कपाटातून काढून पहिल्यांदा नीट बघितली. आईच्या खोलीचं पान. शाईच्या पेननं काढलेला चौकोन, मधे पंख्याचं फुलीचं चिन्ह, आणि तिथून निघून ईशान्य कोपऱ्याकडं जाणारी एक तिरकी रेघ. रेघेवर आप्पांच्या बारीक अक्षरात : ‘पाइप, पूर्व भिंतीपासून 3 फूट 2 इंच येथे वळण.’ दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गच्चीवर गेले, ताडपत्री सारली आणि पूर्वेच्या कठड्यापासून भिंतीची जाडी वजा करून मोजलं. भोक बरोबर त्या वळणावर होतं.

म्हणजे वही लपवली तर गळती जुनी ठरते, कारण भोकाचा आणि पंख्याचा संबंध दाखवायला दुसरं काही नाही. दाखवली तर मी माहिती दडवली असं होतं. दोन रात्री मला झोप नव्हती. शेवटी वकीलबाईंना न विचारता मी एका जुन्या, आता कामं न घेणाऱ्या इंजिनिअरकडं गेले, आणि त्यांच्यापुढं वही आणि कोअर दोन्ही ठेवलं. साडेतीन हजार फी घेतली त्यांनी. त्या वर्षी माझे पैसे दुसरीकडं कुठं इतके चांगले गेले नाहीत.

त्यांनी कोअर हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला. म्हणाले, ‘पाइप लोखंडी आहे.’

‘हो.’

‘मग वहीची गरजच नव्हती. कोअर काढायच्या आधी काँक्रीटवरून रिबार लोकेटर फिरवायचा असतो. आत सळई कुठं आहे ते बघायला, ती कापली जाऊ नये म्हणून. सळई दाखवणारी मशीन लोखंडी पाइप पण दाखवते. पीव्हीसी असता तर सुटला असता तो. लोखंड सुटत नाही.’ मग कोअरच्या कडेचा एक लहान चकाकता ठिपका त्यांनी नखानं दाखवला. ‘हे बघा. पाइपच नाही, एक सळई पण कापलीय.’ मला धडकीच भरली. एका सळईनं स्लॅब पडत नाही, असं म्हणत त्यांनीच समजूत काढली. मग थोडा राग त्यांनाही आला असावा : महापुराचं घर तपासायला आलेला माणूस गच्चीच्या स्लॅबला भोक कशाला पाडतो? पुराचं पाणी पायाला आणि तळमजल्याच्या कॉलमला लागतं. आणि काढायचाच तर कमीत कमी तीन कोअर लागतात, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, तसं आहे, एकावरून काही सिद्ध होत नाही. गच्चीवर कोबा असेल तर आधी तेवढा कोबा चौकोनी मोकळा करायचा, मग स्लॅबला हात लावायचा.

‘तुम्ही त्याला बाकी काही विचारू नका,’ निघताना ते म्हणाले. ‘स्कॅनिंगची नोंद मागा फक्त.’

जूनमध्ये रजिस्टर एडीनं नोटीस गेली. इंजिनिअरला, आणि एक प्रत सरांना. तिच्यात मी हट्टानं वहीचा उल्लेख करायला लावला. ‘सदर पाइपलाइनचा नकाशा आमचे अशिलांचे वडिलांनी तयार केलेला असून तो पाहणेस उपलब्ध होता, मात्र आपणांकडून त्याची मागणी करणेत आली नाही.’ वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, पण लिहिलं. फोटोंबाबत त्यांनी एक बजावलं : व्हॉट्सॲपवर पाठवलेल्यावर विसंबू नको, मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेव, फोन बदलू नको. पुढं पुरावा म्हणून द्यायचे झाले तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. माझा फोन तेव्हा चार्ज व्हायला चार तास घेत होता. तोच वापरला.

दोन अंदाजपत्रकंही घेतली. मिस्त्रींचं कोबा, भरण आणि प्लास्टरचं 16,500, वायरमनचं 13,800, छताचा रंग 6,000, गादी आणि कपाटाचं पॉलिश 5,000. एकूण 41,300. या आकड्याला मी चिकटून राहिले. मनस्तापाचे पन्नास हजार मागूया, असं भाऊ म्हणत होता. मी म्हटलं, मनस्तापाची पावती कुठं आहे?

नोटिशीला उत्तर आलं नाही. पण सरांचा फोन आला. नोटीस बघून दुखावले होते. ‘आमचं काय चुकलं बाई? आम्ही तर पैसे भरून तपासणी करून घेतली.’ मी विचारलं, बिल आहे का? आहे म्हणाले. बघायला मिळेल का?

बिल 28,000चं होतं, आगाऊ भरलेलं. हॅमर टेस्ट, यूपीव्ही, कोअर टेस्ट तीन नग. आणि चौथी ओळ : रिबार स्कॅनिंग, 4,500 रुपये. राजारामपुरीत आमच्या घरी, पोह्यांच्या ताटल्या समोर असताना मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरांना विचारलं, यांनी स्कॅनिंग केल्याचा कागद दिलाय का तुम्हाला? सरांनी रिपोर्टची फाइल उघडली. शिक्षकच ते, बोट चाटून एकेक पान उलटलं. तीन नग कोअरऐवजी एकाचाही निकाल नव्हता. ‘साइटवरील अडचणीमुळे’ असं लिहिलं होतं. स्कॅनिंगचं पान नव्हतंच. मग मी कोअर आणून ताटलीशेजारी ठेवला. पाइपाची चंद्रकोर त्यांच्याकडं करून.

इतके दिवस मी शोधत होते की माझ्या हातात काय आहे. माझ्या हातात काही नव्हतंच. होतं ते सरांच्या खिशात. मी इंजिनिअरची कुणीच लागत नव्हते, पण सर त्याचे ग्राहक होते; न केलेल्या कामाचे पैसे त्यांनी मोजले होते, आणि ग्राहक आयोगाचं दार मला बंद असलं तरी त्यांना उघडं होतं. सरांच्या बाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, म्हणजे ह्या बाईंचं घर आपण पैसे देऊन फोडून घेतलं.’

जुलैच्या शेवटी त्या इंजिनिअरच्या ऑफिसात आम्ही तिघं गेलो. बाहेर पाऊस, बंधाऱ्यावर किती फूट याचीच सगळीकडं चर्चा. तो आधी म्हणाला, तुम्ही पाइपचं सांगायला पाहिजे होतं, वही होती म्हणता ना. मी म्हटलं, होती. विचारलं असतं तर दिली असती, चूक माझीही धरा. पण स्कॅनिंगची नोंद दाखवा. तो म्हणाला, ती मशीन त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होती. सर शांतपणे म्हणाले, ‘मग 4,500 कशाचे?’ वर्गात उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं. खोलीत काही वेळ नुसता पंख्याचा आवाज.

पुढचं पैशाचं बोलणं पाऊण तासाचं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. 26,000 त्यानं मला द्यायचे, सरांना स्कॅनिंग आणि कोअरचे पैसे परत करायचे. त्यातले आठ हजार सरांनी आपणहून माझ्याकडं वळवले. दीड लाखाचा विषय सोडला. 41,300 मागून 34,000 मिळाले, वकील आणि जुन्या इंजिनिअरची फी माझ्या पदरची. चूक कबूल करत असल्याचं एक अक्षर तो लिहून द्यायला तयार नव्हता. ‘सामोपचाराने’ एवढं लिहिलं आणि तिघांनी सह्या केल्या. रोख नको, बँकेतूनच पाठवा, हे मात्र मी सोडलं नाही. कागदाचा मसुदा बघायला वकीलबाईंना वेळ मिळेना, कारण ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू होणार होतं आणि इतक्या वर्षांच्या आंदोलनानंतर सगळे वकील त्या तयारीत. शेवटी फोनवर वाचून दाखवला.

दसऱ्यानंतर उघडीप मिळाली तेव्हा मिस्त्रींनी भोकाभोवतीचा दीड फूट चौकोन कोबा काढला. आतलं सगळं घासून कोरडं केलं, इपॉक्सीचा हात दिला आणि न आकसणारं ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटी भरण, ओतलं. आकस म्हटल्यावर मला आप्पांची आठवण होणारच. मग वॉटरप्रूफिंगचे हात, विटांचे तुकडे, वरून घोटाई. कडेनं मातीचा बांध घालून तीन दिवस पाणी कोंडलं. मी रोज सकाळ-संध्याकाळ राजारामपुरीतून येऊन आईच्या खोलीत पंख्याखाली मान वर करून उभी राहत होते. तिसऱ्या दिवशी बाईही आल्या, आम्ही दोघी उभ्या. कोरडं होतं. केसिंग पट्टी मात्र आहे. रंग देऊनही दिसते.

खरेदीपत्र नोव्हेंबरात झालं. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर चहाच्या गाड्यावर सरांनी जरा संकोचून विचारलं, ‘ती वही मिळेल का? झेरॉक्स दिली तरी चालेल.’ मी झेरॉक्स स्वतःकडं ठेवायची ठरवून आलेच होते. कोअरही माझ्याकडं आहे, खिडकीत. गुलाबी रंग केव्हाच उडाला. वही द्यायच्या आदल्या रात्री आईच्या खोलीचं पान उघडून, आप्पांच्या तिरक्या रेघेवर वळणापाशी मी एक छोटा गोल काढला आणि खाली लिहिलं : ‘येथे 8 मे 2025 रोजी भोक पाडले. पाइप बंद, एक सळई तुटलेली. 11 ऑक्टोबरला भरले.’ बॉलपेननं लिहिलं, अक्षर आप्पांसारखं येत नाही.